वाचकांचे प्रश्न : अल्बममध्ये नेमकं काय ऐकायचं?

स्टुडिओ अल्बमबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून, थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत. 'सर्वांत थोर दहा अल्बम सांगा' अशीही मागणी आहे. ती यादी आम्ही देणार नाही. आवड काही सांगून पटत नाही. एखाद्या अल्बममध्ये काय ऐकण्यासारखं आहे आणि ते तिथे कसं आलं, एवढं मात्र सांगता येतं.

प्रश्न : ज्यातली सगळी गाणी चांगली तो अल्बम चांगला, इतकं हे सोपं नाही का? मग गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहाला कुणी थोर अल्बम का म्हणत नाही?

कारण संग्रहातली गाणी एकमेकांना ओळखत नसतात. वेगळी खोली, वेगळे वादक, वेगळं वर्ष. अल्बममध्ये एका गाण्याचा परिणाम पुढच्यावर होतो, आणि तो व्हावा म्हणून कुणीतरी डोकं खपवलेलं असतं.

शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) घ्या. एका मेंढपाळाचा दिवस ही कल्पना. सुरुवात सकाळच्या अहिर भैरवानं, पुढे पिलू आणि भूप, शेवटी देस आणि पहाडी. एकदा मुद्दाम उलट्या क्रमानं लावून बघा. प्रत्येक तुकडा तितकाच सुरेल राहील, पण अहिर भैरव शेवटी आला की आता काहीतरी सुरू होणार असं वाटत राहतं, आणि तिथेच तबकडी संपते.

वाद्यांची निवडही नीट ऐका. संतूरवर आघात झाला की स्वर लगेच ओसरायला लागतो. बासरी तोच स्वर श्वासावर धरून ठेवते. काबरांची गिटार सरकपट्टीनं वाजते, त्यामुळे दोन स्वरांमधली मींड तिच्या वाट्याला येते. तीन वाद्यं तीन वेगळी कामं करतात, म्हणून एकत्र वाजतानाही गर्दी होत नाही. बऱ्याच जुगलबंद्या फसतात त्या इथेच: दोन्ही वाद्यं एकाच सप्तकात सारखंच काम करायला लागतात.

काय वगळलं हेही महत्त्वाचं. फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स'मधून (१९७७) 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे गाणं एलपीवर (दोन बाजूंच्या मोठ्या तबकडीवर) जागा पुरेना म्हणून काढलं आणि ते एका सिंगलच्या (एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला गेलं. गाणं उत्तम आहे, अल्बममधल्या काही गाण्यांहून सरस आहे असंही आम्ही म्हणू. तरी ते परत घालून ऐकलं की दुसरी बाजू जड होते.

प्रश्न : बीटल्सचा 'सार्जंट पेपर' चार ट्रॅकच्या यंत्रावर केला असं वाचलं. त्यात वाद्यवृंद, पियानो, ड्रम, तीन-तीन आवाज एकदम ऐकू येतात. हे सगळं चार ट्रॅकमध्ये बसलं कसं?

दुसऱ्या टेपवर उतरवून उतरवून. ट्रॅक म्हणजे टेपवरची एक स्वतंत्र पट्टी, तिच्यावरचा आवाज वेगळा मुद्रित करता येतो. लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या स्टुडिओत तेव्हा (१९६६-६७) एक इंच रुंदीच्या टेपवर चार ट्रॅक मुद्रित करणारी स्टुडर यंत्रं होती. पहिल्या टेपचे चारही ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण करून ते दुसऱ्या यंत्रावरच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचं. उरलेले ट्रॅक पुन्हा मोकळे. तेही भरले की हीच क्रिया पुन्हा.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पहिली, टेपची सरसर. प्रत्येक वेळी नव्या टेपची सरसर जुनीत मिसळते: पहिल्या प्रतीत सुमारे ३ डेसिबल वाढते, दुसऱ्या प्रतीपर्यंत मुळापेक्षा जवळजवळ ५ डेसिबल होते. शिवाय झांजांची आणि तारांची धार थोडी बोथट होते. दुसरी किंमत मोठी. एकदा ड्रम आणि गिटार एका ट्रॅकवर उतरले की त्यांचं आपसातलं प्रमाण कायमचं ठरलं. महिन्याभरानं 'ड्रम जरा वर घ्या' म्हणायची सोय नाही. पुढच्या प्रत्येक थराचा निर्णय या आधीच्या निर्णयावर उभा राहतो, आणि आमच्या मते त्या अल्बमचा घट्टपणा इथूनच येतो. आज शंभर ट्रॅक उघडे ठेवून शेवटच्या दिवशी ठरवता येतं. मग बहुतेक वेळा सगळंच थोडं थोडं ठेवलं जातं.

त्या अल्बममधली बास गिटार, म्हणजे बास, लक्ष देऊन ऐका. पॉल मॅकार्टनीनं अनेक गाण्यांत तो सर्वांत शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवला. म्हणून तो प्रतींच्या फेऱ्यांतून गेलेला नाही आणि इतका ठळक, जवळ वाटतो. गाण्याची चाल आधीच उभी असल्यामुळे त्याला मूळ स्वरावर पाय रोवून बसायची गरजही राहिली नव्हती. तो स्वतःची वेगळी धून वाजवतो.

'अ डे इन द लाइफ'साठी मात्र चार ट्रॅक खरोखरच पुरेनात. चाळीस वादकांचा वृंद घ्यायचा होता. तेव्हा तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी एका यंत्रावर ५० हर्ट्झचा संकेत मुद्रित करून त्यावर दुसऱ्या यंत्राची गती चालवली आणि दोन चार-ट्रॅक यंत्रं जोडीनं पळवली. वादकांना सूचना अशी: २४ मात्राखंडांत आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून सर्वांत वरच्या स्वरापर्यंत चढत जा, शेजारच्याकडे लक्ष देऊ नका. शेवटचा पियानोंचा ई मेजर स्वरमेळ जसजसा ओसरतो तसतशी मुद्रणाची पातळी वर नेली आहे. हेडफोन लावून शेवटची दहा-पंधरा सेकंदं ऐका. खोलीतली बारीक चुळबुळ, खुर्चीची करकर ऐकू येते.

घरी प्रयोग करायचा असेल तर संगणकावर फक्त चार ट्रॅक उघडा. दोनांवर ताल आणि गिटार घ्या, त्यांचं मोनो (एकाच वाहिनीचं) मिश्रण तिसऱ्यावर उतरवा आणि मूळ दोन पुसून टाका. नुसते बंद ठेवलेत तर प्रयोगाला अर्थ नाही. मिश्रणापूर्वी रिव्हर्ब (खोलीसारखी कृत्रिम गुंज) घालू नका, पुढच्या थरांवर पुन्हा घातलात की सगळं गढूळ होतं. संगणकाच्या प्रतीत धार कमी होत नाही. पण खरी टेप किंवा कॅसेट वापरत असाल तर झांजा-तारांसारखे वरचे, धारदार आवाज गरजेपेक्षा किंचित जास्तच ठेवून उतरवा. बास शेवटी.

प्रश्न : जुन्या एलपीवर बाजूच्या अखेरीस बहुधा संथ गाणं असतं. हा योगायोग आहे का?

बराचसा भाग भूमितीचा आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. फेऱ्यांचा वेग कायम, पण खाचेची लांबी आत जाताना कमी होते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, शेवटच्या गाण्यापाशी जेमतेम २१. म्हणजे १०,००० हर्ट्झच्या एका लहरीला बाहेर ०.०५ मिलिमीटर जागा मिळते आणि आत ०.०२. सुईच्या टोकाला इतकी बारीक वळणं नीट घेता येत नाहीत, म्हणून बाजूच्या शेवटी 'स' आणि 'श' फाटतात, झांजा खरखरतात. संथ, मृदू गाणं तिथे ठेवलं की हा दोष झाकला जातो.

दुसरी मर्यादा वेळेची. आवाज मोठा आणि बास (खालचे, खोल स्वर) जड, तर खाच जास्त डुलते आणि जास्त रुंदी खाते. एका बाजूला १८ ते २० मिनिटं असली की मोकळेपणानं कापता येतं. २५ च्या पुढे गेलं की पातळी खाली आणावी लागते, बास आवरावा लागतो आणि सगळं किरकिरं वाटायला लागतं. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'वर (१९८२) हेच ओढवलं होतं. बाजू फार लांब झाल्यानं चाचणीची तबकडी पातळ वाजली. तेव्हा निर्माता क्विन्सी जोन्स आणि ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांच्या चमूनं गाणी छाटून, एकेक गाणं घेऊन पुन्हा मिक्स केलं. त्या अल्बममध्ये रिकामा मात्राखंड सापडत नाही, त्याला हाही एक हातभार.

नियम मोडणारेही आहेत. 'अ डे इन द लाइफ'चा सगळा गदारोळ बाजूच्या अगदी शेवटी, सर्वांत वाईट जागी आहे. गाणं दुसरीकडे कुठेही शोभलं नसतं, म्हणून तो तोटा पत्करला.

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची (१९७३) पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय'वर विरते आणि दुसरी गल्ल्याच्या खणखणाटानं, 'मनी'नं उघडते. मध्ये तबकडी उलटायचा वेळ गृहीत धरलेला आहे. सीडीवर किंवा फोनवर ही दोन गाणी एकमेकांना चिकटतात. पाचव्या ट्रॅकनंतर अर्धा मिनिट थांबवा. फरक ऐकूनच कळेल.

प्रश्न : जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'बरोबर मी बासरी वाजवतो. 'सो व्हॉट'ला माझी बासरी कमी लागते, 'ऑल ब्लूज'ला बरोबर. दोष माझा की तबकडीचा?

तुमची प्रत जुन्या टेपवरून आलेली आहे. हा अल्बम १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओत दोन बैठकांत झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल. पहिल्या बैठकीत मुख्य टेप यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू मुद्रित झालेली टेप योग्य गतीनं वाजवली की संगीत जलद आणि चढं येतं. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी, 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन', त्या बैठकीतली. 'ऑल ब्लूज' आणि 'फ्लॅमेन्को स्केचेस' दुसऱ्या बैठकीतली, म्हणून सुरात. फरक अर्ध्या स्वरापेक्षा कमी आहे. नुसतं ऐकताना जाणवत नाही, पण वाद्य हातात घेतलं की टोचतो. १९९२ मध्ये बरोबर गतीच्या राखीव टेपवरून नवी आवृत्ती काढली, तेव्हा हा दोष गेला.

आधी आपला टर्नटेबल तपासा. तो जलद असेल तर दोन्ही बाजू सारख्याच चढतील. एकच बाजू चढत असेल तर दोष टेपचा. ट्यूनर अ‍ॅप लावून 'सो व्हॉट'मधला बासचा डी हा स्वर आणि 'ऑल ब्लूज'मधला जी हा स्वर बघा. दुरुस्ती संगणकावर करायची असेल तर फक्त पट्टी बदलणारा पर्याय घेऊ नका. ती प्रक्रिया आवाजाचे तुकडे करून पुन्हा जोडते आणि झांजांना पाणी सुटल्यासारखं होतं. गती बदलणारा पर्याय घ्या, त्यात लय आणि पट्टी एकत्र उतरतात. चूक गतीची होती, तिथे तेच योग्य.

प्रश्न : 'रिमास्टर' (जुन्या मुद्रणावरून नव्यानं तयार केलेली) लिहिलेली आवृत्ती जुनीपेक्षा खरंच चांगली असते का? मला दर वेळी नवी जास्त भारदस्त वाटते.

तिचा आवाज मोठा असतो म्हणून ती भारदस्त वाटते. दोन सारख्याच आवाजांपैकी एक डेसिबलभर मोठा केला तर तो अधिक स्पष्ट, अधिक खोल वाटतो. कानाची ही सवय आहे आणि ती मोडायला एकच उपाय: पातळी सारखी करून ऐकणं.

दोन्ही आवृत्त्यांतला एकच तीस सेकंदांचा तुकडा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घ्या, शक्यतो ज्यात शांत आणि मोठा असे दोन्ही भाग आहेत असा. 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' वापरून दोन्ही −२३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा. 'सर्वोच्च शिखर' सारखं करणारा पर्याय इथे कामाचा नाही, कारण शिखरं सारखी असूनही एक तुकडा कितीतरी मोठा वाटू शकतो. दोन्ही तुकडे एकाच क्षणी सुरू होतील असे सरकवा, आणि कोणता वाजतोय हे तुम्हाला न दिसेल अशा बेतानं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं तर फरक खरा. सहा वेळा ओळखलं तर नाणेफेकीनंही तेवढं जमलं असतं.

आता ऑडॅसिटीत दिसणारा आवाजाचा आलेख बघा. ड्रमचे फटके शेंडा कापल्यासारखे एका रेषेत सपाट दिसले, तर लिमिटरनं (आवाज ठरावीक पातळीवर अडवणाऱ्या साधनानं) ते दाबले आहेत. सारख्या पातळीवर अशी आवृत्ती चपटी आणि थकवणारी वाटते. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) हे ठळक उदाहरण. सीडीवरचा आवाज इतका दाबलेला होता की विकृती सरळ ऐकू यायची, आणि 'गिटार हीरो' या खेळासाठी दिलेल्या त्याच गाण्यांत ती नव्हती, म्हणून ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं. दाबलेला आवाज घरी परत फुलवता येत नाही. कापलेला शेंडा कापलेलाच.

एक खबरदारी. डायनॅमिक रेंज (शांत आणि मोठ्या आवाजांतलं अंतर) मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये एलपीचा आकडा बहुधा सीडीपेक्षा चांगला येतो, मास्टर (ज्यावरून प्रती निघतात ते अंतिम मुद्रण) एकच असलं तरीही. कापण्याच्या आणि वाजवण्याच्या प्रक्रियेत लहरींचा आकार बदलतो, शिखरं वर येतात आणि आकडा फुगतो. त्या आकड्यावरून एलपी विकत घेऊ नका.

सगळे रिमास्टर वाईट असतात असं मात्र नाही. 'काइंड ऑफ ब्लू'चं उदाहरण वर आहेच. मूळ टेपच्या जवळची प्रत सापडली किंवा जुनी चूक दुरुस्त झाली, तर नवी आवृत्ती जरूर घ्या.

प्रश्न : मोनो घ्यावं की स्टिरिओ?

बनवणाऱ्यांनी ज्यावर वेळ घालवला ते. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (१९६६) ब्रायन विल्सननं मोनोतच केला. त्याला एका कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. पूर्ण स्टिरिओ आवृत्ती १९९० च्या दशकात निघाली. ती थर वेगळे ऐकायला, अभ्यासाला छान आहे, पण एकजीव रंग मोनोतच आहे. 'सार्जंट पेपर'च्या मोनो मिक्सला बीटल्स स्वतः बसले होते, मूळ स्टिरिओ नंतर झटपट उरकलं गेलं. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत जलद आणि चढ्या पट्टीत आहे. स्टिरिओत ते रेंगाळतं. 'काइंड ऑफ ब्लू' मात्र स्टिरिओच: डावीकडे कोल्ट्रेनचा आणि उजवीकडे कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा सॅक्सोफोन, मध्ये माइल्सचा ट्रम्पेट. ट्रम्पेट मध्ये न येता हवेत पसरल्यासारखा वाटला, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत का बघा.

प्रश्न : फोनवर अल्बम ऐकताना जोडलेल्या गाण्यांच्या मध्ये टचकन खंड पडतो. शिवाय हळू गाणी एकदम मोठी होतात.

दोन वेगळे दोष आहेत. खंड पडतो तो एमपी३ मुळे: ही पद्धत आवाज ठरावीक लांबीच्या चौकटींत भरते आणि सुरुवातीला, शेवटी शांततेची भर घालते. 'गॅपलेस' चालू करा, क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणं) शून्यावर आणा. तरी खंड राहिला तर फ्लॅक फाइल घ्या, तिच्यात ही भर नसते. आवाजाचा घोळ सुटा आहे. पातळी सारखी करण्याची सोय 'ट्रॅक'वर असेल तर कुजबुजतं गाणंही मोठ्या गाण्याइतकं चढवलं जातं. ती 'अल्बम'वर ठेवा, म्हणजे सगळा अल्बम एकाच मापानं वर-खाली होईल.

प्रश्न : लेड झेपेलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधले ड्रम (१९७१) घरी मिळवायचे आहेत. चांगले माइक घेतले, ड्रमच्या अगदी जवळ लावले, भरपूर रिव्हर्ब घातला. तरी तो आवाज येत नाही.

माइक जवळ आहेत म्हणूनच येत नाही. हेडली ग्रेंज या जुन्या घरात ड्रम जिन्याखालच्या उंच दालनात ठेवले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोनच माइक, बायरडायनॅमिकचे एम१६०, वर जिन्यात टांगले. जवळच्या माइकमध्ये थेट आवाज इतका जास्त असतो की खोली ऐकूच येत नाही. नंतर घातलेला रिव्हर्ब त्याच्यामागे वेगळा थर म्हणून उभा राहतो. लांबच्या माइकमध्ये थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज तोलामोलाचे, एकमेकांत मिसळून पोचतात. मग कॉम्प्रेसर फटक्याचा शेंडा आवरतो आणि मागची खोली वर खेचतो. शिवाय बिन्सन एको हे प्रतिध्वनी देणारं यंत्रही वापरलं आहे.

तुमच्याकडे जिना असेल तर उत्तमच, नाहीतर फरशी असलेली, पडदे-गाद्या नसलेली खोली निवडा. एकच माइक तीन मीटर लांब आणि डोक्याच्या वर ठेवा. आधी कॉम्प्रेसर न लावता मुद्रित करा. नंतर ४:१ प्रमाण, झटपट अटॅक (दाब किती लवकर सुरू होतो) आणि फटक्यांच्या मधला वेळ भरेल इतका रिलीज (दाब किती वेळानं सुटतो). झांजा फार पसरल्या तर इक्वलायझरला हात लावण्याआधी वादकाला त्या हलक्या हातानं वाजवायला सांगा, कारण दबलेल्या झांजांबरोबर स्नेअरही दबतो.

आणि लय बघा. ते गाणं संथ आहे, प्रत्येक फटक्याची गुंज संपायला जागा मिळते. हीच मांडणी द्रुत गाण्याला लावलीत तर फटके एकमेकांवर पडून चिखल होईल. तिथे माइक दीड मीटरवर आणा.

यंत्रसामग्रीची चिंता तूर्त सोडा. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (१९८२) टीअ‍ॅकच्या चार-ट्रॅक कॅसेट यंत्रावर, दोन एसएम५७ माइक वापरून, घरातच झाला. नंतर बँडबरोबर तीच गाणी पुन्हा करून पाहिली. बाजारात आली ती कॅसेटवरचीच, आणि तबकडीवर कापताना तिच्या कमी पातळीनं बराच त्रास दिला. एसएम५७ सहज मिळतो. आधी तो टांगून बघा, मग महागडा माइक घ्यायचा की नाही ते ठरवा.